गड बघायला जाताना गावासाठी काय न्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातून शनिवार-रविवार राजगड, तोरणा, लोहगड, भीमाशंकर करणारी आमची मंडळी आहे. नोंदणीकृत संस्था नाही, पाटी नाही, बँकेत खातं नाही. पण गडाखालच्या गावांत वर्षानुवर्षं येणं-जाणं असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक निघण्याआधी फोन करतात: "जातोच आहोत, तर तिथल्या लोकांसाठी काही नेऊ का?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत.

सहल वेगळी आणि मदत वेगळी, असं ठेवलं तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. घरी बसून एखाद्या चांगल्या संस्थेला दरमहा पैसे पाठवणारा माणूस फार मोलाचं काम करतो आणि त्याने राजगड चढलाच पाहिजे असं अजिबात नाही.

तरी पुणेकरांपुरती एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं आहे. आपण भटकायला जातो त्यातली काही खोरी हीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात काय झालं हे आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला सांगितलेलं असतं. पण ही धरणं बांधताना ज्यांची भातखाचरं आणि देवळं पाण्याखाली गेली, त्यांच्या गोष्टी शहरात फारशा कुणी सांगत नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात तर १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. आज त्याच पाण्याच्या काठावर आपण फोटो काढतो आणि मक्याचं कणीस खातो. खडकवासला-पानशेतच्या खोऱ्यांत जाताना आपण कुणी दाते म्हणून जात नाही, तिथलं पाणी पिणारी माणसं म्हणून जातो, एवढं लक्षात असलं की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडतात.

मग नेमकं काय न्यावं?

जे मागितलं असेल ते. खाली जे काही लिहिलं आहे ते याच एका उत्तराचा विस्तार आहे.

निघण्याच्या आधी आठ-दहा दिवस फोन करा. कुणाला? जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. आमचा कौल आशाताईंना. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणती म्हातारी एकटी राहते, कुणाला सुई ओवता येत नाही, चष्म्याची गरज आहे, पण ती गप्प बसली आहे, हे त्यांना घरवार माहीत असतं. सरपंचांना जरूर कळवावं, तो रीतीचा भाग आहे. पण यादी मात्र या बायकांकडून घ्यावी.

उदाहरण सांगतो. वेल्ह्याकडच्या एका दोनशिक्षकी शाळेसाठी आमच्यातल्या एका कुटुंबाने वह्या आणि दप्तरं घ्यायचं ठरवलं होतं. फोनवर गुरुजी आधी "काहीही आणा, आनंदच आहे" म्हणाले. सगळे असंच म्हणतात, कारण देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. मग नीट विचारलं: "गुरुजी, गेल्या पावसाळ्यात शाळेत सगळ्यात जास्त अडलं कशावाचून?" तेव्हा ते सांगू लागले. वाचनालयाची पुस्तकं होती, पण वेल्ह्याच्या पावसात भिंतींना ओल येते, पुस्तकं फुगतात, उरलेली उंदीर कुरतडतात. त्यांना हवं होतं लोखंडी कपाट, कुलपाचं, खाली पाय असलेलं. पाय असलेलं हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण जमिनीला टेकलेल्या कपाटाचा तळ गंजतो. वह्यांच्या पैशांत थोडी भर घालून नसरापूरहून कपाट गेलं. पुण्यातून नेलं असतं तर टेम्पोचं भाडंच कपाटाएवढं झालं असतं.

प्रश्न असा विचारा: काय हवंय, यापेक्षा कशावाचून अडतंय. पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत येतात, जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे चार ठिकाणांहून येतात. खडू-फळा, दोरीच्या उड्या, फुटबॉलचा पंप, पाण्याच्या टाकीचा नळ, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाची वर्गणी, पावसाळ्यात वीज गेल्यावर लागणारा चार्जिंगचा दिवा, या गोष्टींकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ही पद्धत काही आमची नवी नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'पॅक फॉर अ पर्पज' ही संस्था प्रवाशांना हेच सांगते: ज्या गावी जाताय तिथल्या शाळेने किंवा दवाखान्याने दिलेली यादी पाहा, बॅगेत दोन-सव्वादोन किलोंची जागा ठेवा आणि त्या यादीतलंच सामान न्या. आपल्याकडे त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. मोबाईल आहे आणि भाषा एकच आहे.

घरात जुने कपडे खूप साठलेत. ते नेऊ का?

शक्यतो नको. हे उत्तर कडक वाटेल, पण जुन्या कपड्यांचा त्रास गावांना फार होतो. शहरातून आलेल्या पोत्यांत काय नसतं? चेन तुटलेल्या जीन्स, पार्टीचे झगमगीत फ्रॉक, एकच मोजा, इलॅस्टिक गेलेल्या अंतर्वस्त्रांपर्यंत सगळं. नेसण्याजोगं लुगडं किंवा सुती साडी मात्र क्वचित. ते ढीग शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात पडतात, भिजतात आणि शेवटी कुणालातरी जाळावे लागतात. महापूर, दरड, भूकंप, अशा प्रत्येक संकटानंतर हे होतं. देणाऱ्याचं कपाट रिकामं होतं, एवढाच त्यातला निश्चित फायदा.

पुण्यात कपड्यांसाठी चांगल्या वाटा आहेत. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था वापरायोग्य जुन्या वस्तू गोळा करण्याचे उपक्रम करते, तिथे द्या. 'गूंज'सारखी संस्था कपडे निवडून, दुरुस्त करून, गरजेप्रमाणे वाटते. तेच तिचं मूळ काम आहे.

अपवाद दोन. थंडीआधी नव्या, जाड घोंगड्या किंवा ब्लँकेटं, तीही विचारून. आणि पावसाळ्याआधी चांगल्या प्रतीची इरली म्हणा, रेनकोट म्हणा, ताडपत्री म्हणा. ताडपत्रीला मावळात जितकी किंमत आहे तितकी क्वचितच कशाला असेल: गवत झाकायला, गोठ्यावर टाकायला, भिंतीला पावसाच्या बाजूने बांधायला. जाडीची घ्या. पातळ निळा कागद श्रावणापर्यंतही टिकत नाही.

वाटेत लहान मुलं "दादा, चॉकलेट" म्हणतात. द्यावं का?

देऊ नका. आपण दिलं म्हणूनच ती मागायला लागली आहेत. काही पायवाटांवर आता मुलं रविवारी शाळेचा अभ्यास, घरचं काम टाकून ट्रेकरांच्या मागे चालतात, आणि त्यात पाय घसरण्यापासून नको त्या माणसाच्या मागे जाण्यापर्यंत सगळे धोके आहेत. हसून बोला, नाव विचारा, पुढची वाट विचारा.

मात्र तीच पोरं आईबरोबर करवंदं, जांभळं, ताक, लिंबूसरबत घेऊन बसली असतील तर घ्या, आणि घासाघीस करू नका. गुंजवण्याहून राजगडावर जाणाऱ्या वाटेवर भर उन्हात हंडाभर ताक डोक्यावर घेऊन चढलेल्या बाईशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. तोच माणूस खाली उतरून हायवेच्या फूड मॉलमध्ये त्याहून महाग पाण्याची बाटली निमूट घेतो.

गावात जेवलो, राहिलो, खर्च केला, तर ती मदत समजायची का?

आमच्या मते हीच पहिली मदत आणि बऱ्याच वेळा सगळ्यात मोठी.

एका साध्या सहलीचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. चौघं गाडी घेऊन राजगडला निघतात. पेट्रोल पुण्यात भरलं, नाश्ता हायवेवर, डबे घरून, पाण्याच्या बाटल्या सुपरमार्केटमधून. गावात पडले ते पार्किंगचे पैसे आणि रिकाम्या वेफर्सच्या पिशव्या. ही चौघं वर शाळेला वह्यांचा गठ्ठा देऊन आली तरी गावाच्या पदरात काय पडलं? त्याऐवजी आदल्या संध्याकाळी एखाद्या घरी फोन करून जेवण सांगितलं, वाट दाखवायला गावातला मुलगा घेतला आणि येताना पाच-दहा किलो तांदूळ घेतला, तर तो पैसा थेट चुलीपाशी पोचतो. त्यात कुणाला हात पसरावा लागत नाही.

जेवण सांगताना आदल्या दिवशी सांगा आणि नक्की आकडा सांगा. बारा जणांचं सांगून सात जण आले, तर पाच जणांच्या भाकऱ्यांचं पीठ त्या बाईच्या घरातलं गेलेलं असतं. कमी आलात तरी पैसे बारांचे द्या. आणि "घरचंच तर आहे" म्हणून कमी देऊ नका. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर कांदा हे शहरातल्या हॉटेलात काय दराने मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे.

विकत काय घ्यावं? मावळ, मुळशी, भोरकडे इंद्रायणी आणि आंबेमोहोर तांदूळ, वेल्ह्याकडे नाचणी आणि खुरासणी, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला हिरडा आणि मध. हिरडा गोळा करणं हा तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचा जुना आधार आहे, पण व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. थेट ओळख झाली की तुम्ही वर्षभराचा तांदूळ एका घराकडून बांधून घेऊ शकता. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतल्या पंधरा घरांनी हे केलं तर त्या शेतकऱ्याला कापणीच्या वेळी दलालाचं तोंड बघावं लागत नाही.

सुट्टे पैसे न्या. खोऱ्यात रेंज जाते आणि मग "यूपीआय होत नाहीये, नंतर पाठवतो" असं म्हणून उधारी राहते. ती बिचारी बाई मागणार नाही.

मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायचा आहे. ट्रिप आणि वाढदिवस दोन्ही होतील. कसं ठरवू?

यावर थोडं सविस्तर बोलू, कारण पुण्यात ही पद्धत फार रुजली आहे आणि ती चांगल्या मनातूनच आली आहे.

त्या मुलांच्या बाजूने बघा. शनिवार-रविवारी, सणाला, पितृपक्षात अनोळखी माणसं येतात. मुलं ओळीत बसतात, प्रार्थना म्हणतात, टाळ्या वाजवतात, दुसऱ्याच मुलाचा केक खातात, ज्याला आई-बाबा दोन्ही बाजूंना उभे आहेत. पाहुणे त्यांना उचलून घेतात, फोटो काढतात आणि जातात. पुन्हा बहुधा येत नाहीत. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलं आहे, त्याला दर आठवड्याला नवं माणूस लळा लावून जातं. आपण आपल्या मुलाच्या बाबतीत हे चालू देऊ का?

परदेशात याचं टोक गाठलं गेलं. कंबोडियात पर्यटक अनाथालयांना भेटी देऊ लागले, देणग्या देऊ लागले आणि अनाथालयांची संख्याच वाढत गेली. पाहणी झाली तेव्हा तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. पैसा मुलांच्या घराकडे जायच्या ऐवजी मुलं संस्थेकडे आली. नेपाळातही असंच घडलं.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या ७४व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, पत्ता काहीही प्रसिद्ध करता येत नाही. स्टेटसला टाकलेला फोटो ही छोटी गोष्ट नाही. जी संस्था तुम्हाला न विचारता सरळ मुलांच्या खोल्यांत नेते आणि फोटो काढू देते, तिथे देणगी देण्यापूर्वी दहादा विचार करा. जी संस्था दारातच "मुलांना भेटता येणार नाही, ऑफिसात बसून बोलू" म्हणते, ती मुलांची खरी काळजी घेते आहे.

मग वाढदिवसाचं काय करायचं? संस्थेला विचारून त्या रकमेतून एखाद्या मुलाची वर्षाची शिकवणी, चष्मे, दातांची तपासणी, बारावीनंतरचं वसतिगृहाचं भाडं, यातलं काहीतरी करा. अठरा वर्षांचं झाल्यावर संस्थेबाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना सगळ्यात जास्त आधार लागतो आणि नेमका तेव्हा कुणी केक घेऊन येत नाही. आपल्या मुलाला ट्रिपला न्या, वाढदिवस गडावर साजरा करा आणि घरी आल्यावर त्याच्या हाताने पैसे पाठवा. त्याला कारण सांगा. मुलांना ते कळतं.

आम्ही एक दिवस येऊन मुलांना इंग्रजी किंवा कॉम्प्युटर शिकवू का?

एका दिवसात इंग्रजी येत नाही, आणि त्या दिवसाचा गुरुजींचा ठरलेला पाठ बुडतो. दर पंधरा दिवसांनी वर्षभर येणार असाल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. एकदाच यायचं असेल तर विज्ञानाचा एखादा प्रयोग दाखवा, दुर्बिणीतून आकाश दाखवा, गोष्ट सांगा. तेवढं पुरेसं आहे.

ऑफिसची टीम आउटिंग आहे, साठ जण आहोत. एका दिवसात शाळा रंगवून देऊ?

हिंजवडी-खराडीहून सगळ्यात जास्त येणारी विचारणा. साठ माणसं, चाळीस ब्रश, टी-शर्ट, बॅनर. मुख्य रस्त्यालगतच्या काही शाळा अशा रंगून रंगून थकल्या आहेत, आणि त्याच शाळांच्या मागच्या वर्गाचं छप्पर गळतं. साठ जणांच्या बसभाड्यात आणि जेवणात कदाचित पत्रे बदलून झाले असते.

हातांनी काम करायचंच असेल तर गावाने आखलेल्या श्रमदानात सामील व्हा. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत शहरातले हजारो लोक १ मेच्या महाश्रमदानाला गेले. ते जमलं याचं कारण असं की चर कुठे खणायचा, बांध कुठे घालायचा हे गावाने आधी प्रशिक्षण घेऊन ठरवलेलं होतं आणि गावकरी रोजच खणत होते. शहरवाले एक दिवस हातभार लावून गेले तरी काम मागे चालू राहिलं. तुमच्या कामाला अशी मागची बाजू आहे का, ते बघा. वीस-वीसच्या तीन तुकड्या तीन महिन्यांत पाठवा. आणि जुलैत जाऊ नका. भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून अख्खं गाव चिखलात असतं, तुमची सरबराई करायला कुणी रिकामं नसतं.

गडावर साफसफाई किंवा टाक्यांतला गाळ काढायचं काम करता येईल?

येईल, पण परवानगीने. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले. शिवनेरी आणि लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याच्या. कुठलाही दगड हलवणं, टाकं उपसणं, झाड तोडणं हे त्या त्या खात्याच्या मंजुरीशिवाय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. गाळात खापराचा तुकडा, नाणं, तोफगोळा सापडतो; तो कुठे, किती खोलीवर सापडला ही माहितीच खरी मोलाची असते. परवानग्या काढून वर्षानुवर्षं काम करणारे दुर्गसंवर्धन गट आहेत, त्यांच्या मोहिमेत नाव नोंदवा. कचरा खाली आणायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आणलेला कचरा गावच्या उकिरड्यावर न टाकता पुण्यात परत न्या. गावात घंटागाडी येत नाही.

वारीच्या वाटेवर अन्नदान करायचं आहे.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवसांत शहरात केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं यांचा पूर येतो. वारकरी नको म्हणत नाहीत, प्रसाद म्हणून घेतात, आणि मग पिशव्या जड होतात. रस्त्यावर अन्न तुडवलं जातं ते याचमुळे.

दिवे घाट चढून माउली सासवडला गेली की पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंडवरून बारामती, इंदापूरकडे. जितकं पुढे जाल तितके देणारे विरळ होतात आणि पायाचे फोड वाढतात. सुट्टी काढून तिकडे जा. आधी एखाद्या दिंडीच्या विणेकऱ्यांशी किंवा व्यवस्थापकांशी बोला. त्यांच्या ट्रकमध्ये शिधा, गॅस सिलिंडर किंवा पाण्याच्या टँकरचे पैसे देणं हे हजार लाडवांपेक्षा उपयोगी. फिरत्या शौचालयांच्या सफाईची जबाबदारी घेणारे गट असतात, त्यांना माणसं कायम कमी पडतात.

आनंदवन, हेमलकसा, मेळघाट, इथे सहलीला जोडून जाता येतं का?

आनंदवनाला जाता येतं. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचं हे काम वरोऱ्याला आहे, नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर. ताडोबाला वाघ बघायला जाणाऱ्या पुणेकरांना वाटेवरच आहे. आधी कळवून जा, प्रकल्प नीट फिरून बघा आणि तिथल्या लोकांनी बनवलेल्या वस्तू विकत घ्या. तरुण असाल तर मे महिन्यात सोमनाथला होणाऱ्या श्रमसंस्कार छावणीला जा, तिचा अनुभव वेगळाच आहे.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प भामरागड तालुक्यात आहे. तो आधी दवाखाना आणि शाळा आहे, हे जाताना विसरू नका. रुग्ण आणि मुलं बघण्याची वस्तू नव्हेत.

मेळघाटात सहलीला जोडून काही करू नका. पुण्याची 'मैत्री' ही संस्था पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या तिकडे पाठवते. कुपोषणाने बालमृत्यू सर्वाधिक होतात ते हेच महिने. जायचं तर तयारी करून, पूर्ण मुदत, त्यांच्या शिस्तीत.

पुण्यातच पाहुणे आलेत, बाहेर जायला वेळ नाही.

शनिवारवाडा दाखवून झाला की कसब्यात तांबट आळीत न्या. ठोक्याचं काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून तांब्याचा गडू घ्या. बुरूड आळीत सूप-टोपली घ्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं सेवासदन, महर्षी कर्व्यांची हिंगण्याची स्त्रीशिक्षण संस्था, ही आजही चालू असलेली कामं आहेत. ससून रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांची कशी आबाळ होते, ते बघायला कुठे लांब जावं लागत नाही.

उरलेली औषधं नेऊ का?

नको. अर्ध्या पट्ट्या, नाव खोडलेल्या बाटल्या, मुदत संपत आलेली अँटिबायोटिक्स, काहीच नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून जे लागेल ते नवं घ्या.

पैसेच द्यायचे आहेत. संस्था खरी की खोटी, कसं कळणार?

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे का, ते विचारा. नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक मागा. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. त्यापलीकडे एकदा न सांगता नव्हे, सांगूनच जा, पण कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी जा. पावतीशिवाय, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मोठी रक्कम पाठवू नका.

कर सवलतीचं थोडक्यात: लोक ज्याला ८०जी म्हणतात ती सवलत जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच मिळते. २,००० रुपयांवर रोख दिलेली देणगी त्यात धरली जात नाही, आणि वस्तूंच्या रूपाने दिलेलंही नाही. म्हणजे कपाट, ताडपत्री, तांदूळ यावर काही सवलत नाही. ती मिळेल म्हणून देऊही नका. संस्थेकडून नुसती पावती घेऊन थांबू नका, देणगीचं प्रमाणपत्र मागा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला आमच्या गावच्या शाळेला मदत करायची आहे.

त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तो परदेशी देणगीदार ठरतो आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी अभिदाय कायद्याखालची नोंदणी लागते. ही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. छोट्या गावातल्या मंडळाकडे ही नोंदणी बहुधा नसते. "माझ्या खात्यावर टाक, मी देतो" असा उपाय काढून त्या मंडळाला अडचणीत आणू नका.

फोटो काढावेत का?

डोंगराचे, भाताचे, स्वतःचे. हातात काहीतरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे नकोत.

उद्या पहाटेच निघतोय, फोन-बिन करायला वेळ नाही. काय नेऊ?

काही नेऊ नका. घरून डबा घेऊ नका, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या आणि शंभर-पन्नासच्या नोटा घ्या. पायथ्याच्या गावात शिरल्याबरोबर पहिल्या टपरीवर चहा घ्या, तिथेच दुपारच्या जेवणाचं विचारा आणि किती माणसं ते सांगून चढायला लागा. वाट माहीत असली तरी गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. उतरल्यावर जेवताना शाळेचं, अंगणवाडीचं, कुणाला काय अडतं त्याचं बोलणं आपोआप निघतं. मुख्याध्यापकांचा किंवा आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा आणि पुढच्या खेपेला निघण्याआधी दहा दिवस त्यांना फोन करा.